कमानीखालून जाणारी एमएच २६

वाहतुकीचं शहाणं यंत्र बघायला उमरीच्या माणसाला मुंबईपर्यंत जावं लागत नाही. मनमाड–सिकंदराबाद मार्गावरचं हे गाव. रेल्वेचं फाटक इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेलं. सिग्नलला जोडलेलं फाटक पडून त्याला कुलूप बसल्याशिवाय गाडीला हिरवा दिवा मिळतच नाही. गेटमन विसरला, तर गाडी बाहेर शिट्ट्या मारत उभी राहते. फाटकातल्या बैलगाडीवर येत नाही. चूक होणार हे धरूनच ती रचना केलेली आहे.

हायवेला असं कुलूप घालता येत नाही. तिथं प्रत्येकाचं स्टिअरिंग प्रत्येकाच्या हातात. मग यंत्रानं करायचं काय? बघायचं, मोजायचं आणि सांगायचं. महाराष्ट्रात हे काम मोठ्या प्रमाणावर मांडलंय ते मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर. कळंबोली ते किवळे, साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, सहा पदरी काँक्रीट. २००२ मध्ये पूर्ण झालेला रस्ता. त्यावर जुलै २०२४ मध्ये ‘आयटीएमएस’ ही वाहतूक सांभाळणारी यंत्रणा सुरू झाली. नांदेडहून मुंबईला निघालेली एमएच २६ किंवा लातूरची एमएच २४ पुणे ओलांडते, की तिची नोंद सुरू होते.

रस्त्यावर आडव्या लोखंडी कमानी आहेत, त्यांवर कॅमेरे. सीटबेल्ट, कानाला लावलेला मोबाईल, लेन सोडून घुसणं असे १७ प्रकारचे नियमभंग ही यंत्रणा टिपते. पण यातली खरी हुशारी आहे ती सरासरी वेगात. एका जागचा कॅमेरा फसवायला आपल्या ड्रायव्हर लोकांना आठवडाही लागत नाही. जागा पाठ होते, तिथं ब्रेक आणि पुढं गेलं की पुन्हा पाय दाबायचा. सरासरीपुढं ही युक्ती चालत नाही. पहिल्या कमानीनं नंबर वाचून वेळ लिहिली, दुसरीनंही लिहिली. मधलं अंतर वेळेनं भागायचं. दहा किलोमीटर सहा मिनिटांत कापले तर वेग १००, म्हणजे सपाटीवरच्या मोटारीच्या मर्यादेत. पाच मिनिटांत पोचला तर १२०. चौथीतलं गणित, पण त्याला वकिली लागू पडत नाही.

मात्र दोन्ही कमानींची घड्याळं एकमेकांना धरून चालली पाहिजेत. कमानींमध्ये दोनच किलोमीटर असतील, तर १०० च्या वेगाला ७२ सेकंद लागतात. घड्याळ तीन सेकंदांनी चुकलं की शंभराचे १०४ झाले. म्हणून वेळ उपग्रहाकडून जुळवून घेतात. दुसरी अडचण अस्सल आपली आहे. पाटीवरचा नंबर ४१४१ असा लिहायचा की ‘दादा’ वाचता यावं, २१४ चं ‘राम’ करायचं! रात्री अदृश्य प्रकाश टाकून पाटी वाचणाऱ्या कॅमेऱ्याला ही भक्ती कळत नाही. पाटी रोमन अक्षरांत आणि साध्या आकड्यांत हवी असा नियम आहे, तो पोलिसापेक्षा आता यंत्राला जास्त लागतो.

या व्यवस्थेतल्या दंडाबद्दल फार बोललं जातं. मला मोलाचा वाटतो तो रस्त्यावर पुढची खबर दाखवणाऱ्या पाट्यांचा भाग. खंडाळ्याच्या घाटात पावसाळ्यात धुकं उतरतं, पुढं ट्रक आडवा झालेला असतो. ते मागच्या गाडीला वळणाआधी कळलं तर उपयोग. बातमी दंडाच्या आधी पोचली पाहिजे. चलनाचा मेसेज जातो मालकाच्या मोबाईलवर. गाडी मालकाची आणि पाय ड्रायव्हरचा! उमरीत बसलेल्या मालकाला घाटातला वेग कळतो तोवर गाडी माल उतरवून परत निघालेली असते. मोजणी चोख झाली, पण त्या वळणावर तिनं कुणाला सावध केलं?

कॅमेरे यायच्या कितीतरी आधी, २०१६ मध्ये, याच रस्त्यावर मृत्यू शून्यावर आणायची मोहीम सुरू झाली. त्या वर्षी इथं १५१ माणसं गेली होती. तेव्हाची कामं साधी होती: कडेचे कठीण अडथळे काढणं किंवा झाकणं, कठडे लावणं, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकांना हटकणं. अंधारात उभ्या ट्रकला मागून धडकणारी गाडी कॅमेऱ्याला दिसते, पण तो ट्रक आधीच हलवायला माणूस आणि क्रेनच लागते. नांदेड–लातूर हायवेवर उद्या कमानी उभ्या करायच्या म्हटलं, तर माझं मत स्पष्ट आहे. आधी कडेची जागा मोकळी करा, फाट्यांवर दिवे लावा, कॅमेरे त्यानंतर.

तोवर, मुंबईकडं निघण्याआधी एवढं करा. परिवहन खात्याच्या नोंदीत तुमचा चालू मोबाईल नंबर आहे का, ते बघून घ्या. आणि घाट लागला की मोटारीचा काटा ६० च्या खाली ठेवा.