चिखलदऱ्यास जागा घेतांना

वैशाखाचें ऊन तापूं लागलें, कीं अमरावती-अकोल्याच्या सुखवस्तु घरांतून चिखलदऱ्याच्या गोष्टी सुरू होतात. परतवाड्यावरून घाट चढला, कीं गाविलगडच्या डोंगरांत सुमारें १,११८ मीटर उंचीवर हें गांव लागतें. तेथें आपली एक लहानशी बंगली असावी असें गृहस्थास वाटणें स्वाभाविक आहे. परंतु शहरांतील भूखंड आणि मेळघाटांतील जमीन यांत मोठें अंतर आहे. विकणाऱ्यास ती विकण्याचा अधिकार आहे काय, हाच येथें पहिला प्रश्न होय. किंमतीचा प्रश्न त्यामागून येतो.

मेळघाटांतील मुख्य वस्ती कोरकू लोकांची. सावकाराच्या वहीवरील अंगठ्यानें आदिवासींच्या जमिनी हातच्या जात, हा अनुभव जुना आहे. म्हणून १९७४ सालीं महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमांत कलम ३६-अ घालण्यांत आलें. त्यान्वयें आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस विकतां येत नाहीं. त्यास जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी व तिच्याआधीं राज्य सरकारची संमति लागते. पांच वर्षांपर्यंतच्या गहाणास किंवा पट्ट्यासही जिल्हाधिकाऱ्याची परवानगी हवीच. ती नसतां झालेला व्यवहार टिकत नाहीं व जमीन मूळ मालकास परत देववितां येते. "नव्याण्णव वर्षांचा करार करून टाकूं" असें सांगणारा दलाल म्हणूनच घेणाऱ्याचा पैसा आणि देणाऱ्याचें शेत, दोन्ही धोक्यांत घालीत असतो. वनहक्क कायद्याखालीं, म्हणजे २००६ च्या कायद्यान्वयें, मिळालेली जमीन तर वारसांकडे जाते, पण विकतां मुळींच येत नाहीं.

जमीन आदिवासीची नसली, तरी ती शेतीची आहे काय हें पाहावें. विदर्भासाठीं १९५८ चा स्वतंत्र कुळकायदा आहे, व त्यान्वयें शेतकरी नसलेल्यास शेतजमीन परवानगीवांचून सामान्यतः घेतां येत नाहीं. शिवाय घर कोठें बांधतां येईल, हें नियोजनाच्या नकाशावर अवलंबून असतें. चिखलदऱ्याच्या नियोजनाचें काम २००८ सालीं सिडकोकडे सोंपविण्यांत आलें. भोंवतालीं मेळघाटाचा व्याघ्रप्रकल्प असल्यानें वनखात्याची हद्द कोठून जाते, याचीही चौकशी अवश्य करावी.

आतां कागदांविषयीं. सातबारा म्हणजे गांव-नमुना सात, हा अधिकाराचा, आणि बारा, हा पिकांचा, असे दोन नमुने एकत्र केलेला उतारा. त्यावर नांव असणें म्हणजेच मालकी सिद्ध झाली, अशी समजूत पुष्कळांची असते. ती चुकीची आहे. ती नोंद खोटी ठरेपर्यंतच खरी धरतात. म्हणून उताऱ्यावरील 'भोगवटादार वर्ग दोन' किंवा 'इतर हक्क' हे शब्द नीट वाचावेत. वर्ग दोनची जमीन विकण्यास सरकारची परवानगी लागते. फेरफारांच्या जुन्या नोंदींवरून जमीन हातोहात कशी आली तें पाहावें. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत निदान तीस वर्षांचा शोध घ्यावा. बहिणी व इतर वारस यांची संमति आहे काय तें विचारावें. शेवटीं सरकारी मोजणी करून हद्दीचे दगड स्वतः पाहावेत. विसारपावतीनें मालकी येत नाहीं. ती नोंदलेल्या खरेदीखतानेंच येते.

कागद स्वच्छ निघाले तरी पाण्याची गोष्ट उरतेच. डोंगरावर पाऊस धो धो पडतो. परंतु उतारामुळें तो वाहून जातो, आणि काळ्या कातळांत फार मुरत नाहीं. म्हणून ज्या महिन्यांत पाहुणे वर येतात, त्याच महिन्यांत तेथें पाण्याची ओढ लागते. जागा श्रावणांत पाहून ठरवूं नये. चैत्र-वैशाखांत जावें, शेजारच्या विहिरींत डोकावावें, आणि गांवची बाई हंडा घेऊन किती दूर जाते तें विचारावें. आपल्या दहा दिवसांच्या सुखासाठीं तिचें पाणी उपसणें योग्य नव्हे. छपरावरील पाऊस सांठविण्याची टांकी ही घराच्या पायाइतकीच आवश्यक समजावी.

स्वस्त जागा दिसली, कीं ती स्वस्त कां, याचें उत्तर आधीं मिळवावें. पुष्कळदां तें उत्तर दुसऱ्या कोणाच्या तरी हक्कांत दडलेलें असतें. इतकें पाहूनही मन समाधान न पावलें, तर चार दिवस विश्रामगृहांत राहून यावें. डोंगराची हवा त्यालाही तितकीच लागते.