परदेशातील संख्यात्मक अर्थशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण : प्रवेशाच्या अटी आणि पूर्वतयारी

१९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये त्यांनी तेथे एम.ए. पूर्ण केले आणि १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट ठेवून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन तो पूर्ण करण्याची अनुमती लंडन विद्यापीठाने दिली होती. १९२० मध्ये ते पुन्हा गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळवल्या. ही कथा आपल्या समाजात घरोघरी सांगितली जाते. परंतु प्रवेशासाठी त्यांना काय काय सिद्ध करावे लागले, इकडे सहसा लक्ष जात नाही. मुंबई विद्यापीठाची पदवी, खर्चाची हमी देणारी शिष्यवृत्ती आणि जाणत्या प्राध्यापकाची शिफारस यांवर ती वाट उभी होती. कोलंबियातील त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले होते.

शंभर वर्षांनंतरही परदेशी अर्जदाराकडून हेच मागितले जाते. अर्थशास्त्राच्या ज्या शाखेला आज सर्वाधिक मागणी आहे, त्या संख्यात्मक अर्थशास्त्रासाठी त्यात आणखी एका अटीची भर पडली आहे, ती म्हणजे गणित. परभणी जिल्ह्यातील मुलामुलींच्या दृष्टीने हीच अट निर्णायक ठरते. कारण तिचा निकाल पदवीनंतर लागत असला, तरी निर्णय दहावीनंतरच्या विषयनिवडीत होऊन गेलेला असतो. माजी विद्यार्थी आणि पालक यांना या अटींची सविस्तर ओळख व्हावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

हे शास्त्र आपल्याला नवे नाही

संख्यात्मक अर्थशास्त्र हे नाव अवघड वाटले, तरी त्याचे काम आपल्या शिवारात चालते. कापूस, सोयाबीन किंवा तूर यांच्या पीकविम्याची भरपाई ठरताना महसूल मंडळात पीक कापणी प्रयोग घेतले जातात. निवडक शेतांतील ठराविक मापाच्या तुकड्यातले पीक कापून त्याचे वजन करतात, त्यावरून संपूर्ण मंडळाची सरासरी काढतात आणि ती उंबरठा उत्पादनाशी ताडून पाहतात. कोणते शेत निवडावे आणि थोड्या तुकड्यांवरून साऱ्या मंडळाविषयी किती खात्रीने बोलता येते, हा सांख्यिकीचा प्रश्न आहे. यादृच्छिक निवडीच्या या पद्धतीला शास्त्रीय रूप देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यात जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे अग्रभागी होते. हमीभाव वाढला तर पेरा किती बदलतो, कालव्याचे पाणी आल्याने मजुरी किती वाढते, वसतिगृह मिळाल्याने मुलीचे शिक्षण किती वर्षे लांबते, अशा प्रश्नांची आकड्यांनिशी तपासणी करणे हे या शास्त्राचे क्षेत्र होय. भरपाई, अनुदान आणि आरक्षण यांविषयीचे निर्णय अशाच आकडेमोडीवर घेतले जातात. ती आकडेमोड करणाऱ्यांत आपली मुले असावीत की नसावीत, हा प्रश्न केवळ एका पदवीपुरता राहत नाही.

पहिली अट : गुणपत्रकावर दिसणारे गणित

या अभ्यासक्रमात गणिती अर्थशास्त्र, सांख्यिकी आणि अर्थमिती हे गाभ्याचे विषय असतात. त्यामुळे प्रवेश समिती अर्जदाराच्या गुणपत्रकात कलन, रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि सांख्यिकी हे विषय शोधते. ‘मला गणिताची आवड आहे’ हे निवेदनातील वाक्य त्या गुणांची जागा घेऊ शकत नाही. गणित वा सांख्यिकी घेऊन बी.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्याचा अर्ज अनेक विद्यापीठे स्वीकारतात. मात्र अर्थशास्त्राची मूलतत्त्वे शिकल्याचा काही पुरावा त्याच्याकडे असावा लागतो. केवळ वर्णनात्मक अर्थशास्त्र शिकून बी.ए. झालेल्या विद्यार्थ्याची अडचण याहून मोठी असते.

दहावीनंतर कला शाखा घेतली म्हणजे गणित सुटलेच, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीत कला व विज्ञान शाखांसाठी ‘गणित आणि संख्याशास्त्र’ हा विषय आहे, तसा वाणिज्य शाखेसाठीही आहे. कला शाखेत तो शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालये थोडी असतात, ही खरी अडचण. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीच तशी चौकशी करावी. पदवीला अर्थशास्त्राच्या जोडीला गणित किंवा सांख्यिकी मिळेल असे महाविद्यालय शोधावे.

ज्यांची ही वेळ टळून गेली आहे, त्यांच्यासाठीही मार्ग आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांचे शिक्षण घेण्यास मुभा दिली आहे. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून गणिताचे विषय घेता येतात. ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमाची परीक्षा केंद्रावर देऊन प्रमाणपत्र मिळवता येते. असा प्रत्येक कागद अर्जाचे बळ वाढवतो.

पदवी आणि तिचे मोजमाप

आपल्या जिल्ह्यातील बहुतेक महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. परदेशात या पदवीची तुलना दोन प्रकारे होते. पहिला प्रश्न कालावधीचा. अमेरिकेतील काही विद्यापीठे चार वर्षांची पदवी मागतात. ब्रिटन आणि युरोपात तीन वर्षांची पदवी सामान्यतः चालते. दुसरा प्रश्न गुणांचा. जर्मनीत यासाठी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात : कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करावेत, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतील फरकाने भागावे, तीनने गुणावे आणि एक मिळवावा. किमान उत्तीर्ण गुण ४० असतील, तर ७० टक्क्यांचे रूपांतर २.५ होते, ते ३५ असतील, तर सुमारे २.३८ होते. तेथे १ हा सर्वोत्तम अंक आणि ४ ही उत्तीर्णतेची सीमा आहे. म्हणूनच विद्यापीठाची गुणदान पद्धती स्पष्ट करणारा अधिकृत कागद अर्जासोबत जोडणे हिताचे असते. जर्मनीसाठी भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्रही बंधनकारक झाले आहे.

परीक्षा, शिफारसपत्रे आणि नाव

इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा टोफेल द्यावी लागते. त्यांचे गुण दोन वर्षे ग्राह्य असतात. अर्थशास्त्राचे अनेक नामांकित विभाग जीआरईही मागतात. तिच्या गणिती भागाचे गुण १३० ते १७० या श्रेणीत असतात, ते पाच वर्षे चालतात आणि संख्यात्मक अभ्यासक्रमात त्यांच्याकडे विशेष लक्ष दिले जाते. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याने हे गुण मिळवले, तर त्याच्या महाविद्यालयाचे नाव परीक्षकाला अपरिचित असले तरी त्याची क्षमता परिचित होते.

शिफारसपत्र आता लिफाफ्यातून जात नाही. विद्यापीठ प्राध्यापकांना थेट ई-मेल पाठवते आणि तो पत्ता महाविद्यालयाचा असावा, अशी पुष्कळ ठिकाणी अपेक्षा असते. विद्यार्थ्याने कोणता प्रश्न कसा सोडवला, कोणता प्रकल्प केला, हे ज्यांना ठाऊक आहे अशाच शिक्षकांना विनंती करावी. ‘होतकरू, आज्ञाधारक व सुस्वभावी’ एवढ्यावर प्रवेश समितीचे समाधान होत नाही.

नावाची बाब क्षुल्लक वाटते, पण तीच अनेकदा घोटाळा करते. आपल्या गुणपत्रकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे व वडिलांचे नाव असते. पारपत्रात नाव व आडनाव यांचे रकाने वेगळे असतात. दहावीची सनद, पदवी, आधार आणि पारपत्र यांतील नावांचे स्पेलिंग पदवीच्या पहिल्याच वर्षी जुळवून घ्यावे.

खर्चाची हमी आणि कागदांची साखळी

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी ७५ विद्यार्थ्यांची निवड होते. पदव्युत्तर अभ्यासासाठी वयाची मर्यादा ३५ वर्षे आहे. शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता आणि विमानप्रवास यांचा तीत समावेश असतो. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी पदवीला किमान ६० टक्के गुण, ३५ वर्षांच्या आतील वय आणि ८ लाख रुपयांपर्यंतचे वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अपेक्षित असते. दोन्ही योजना विद्यापीठाचे जागतिक क्रमांकन पाहतात. त्याची मर्यादा वेळोवेळी बदलत आली असल्याने त्या वर्षीची जाहिरात शब्दशः वाचावी.

येथे आपल्या समाजाने विशेष दक्षता घ्यावी. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्मीयांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती खुल्या झाल्या. परंतु केंद्राच्या यादीत जातींची नावे आहेत. त्यामुळे ज्या दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ अशी नोंद आहे, तो केंद्रीय योजनेत अडू शकतो. राज्याच्या आणि केंद्राच्या नमुन्यातील दाखले, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला हे सारे आधीच हाती असावे.

राज्याच्या शिष्यवृत्तीसाठी विनाअट प्रवेशपत्र लागते. अंतिम निकाल व भाषा परीक्षेचे गुण पोहोचेपर्यंत मिळालेला प्रवेश सशर्तच राहतो. म्हणजे निकाल लांबला की प्रवेशपत्र लांबते, त्यामुळे शिष्यवृत्ती आणि तिच्यामुळे व्हिसा. ब्रिटनच्या व्हिसासाठी पैसे स्वतःच्या खात्यात सलग २८ दिवस दाखवावे लागतात. शासकीय शिष्यवृत्तीचे हमीपत्र असल्यास ही अडचण दूर होते. जर्मनीसाठी वर्षाला ११,९०४ युरो विशेष खात्यात ठेवण्याचा नियम आहे. सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या वर्गासाठी अर्ज आदल्या वर्षाच्या ऑक्टोबर ते जानेवारीत करायचा असतो. तेव्हा परीक्षांची तयारी त्याच्याही आधीचा उन्हाळा मागते.

देशातील वाट

परदेशी जाणे जमले नाही, तर हे शिक्षण थांबत नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत संख्यात्मक अर्थशास्त्राची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे. शिक्षणशुल्क नाही, उलट विद्यार्थ्याला मासिक विद्यावेतन मिळते. प्रवेश लेखी परीक्षा व मुलाखतीने होतो आणि लेखी परीक्षेत गणिताची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. पुण्याची गोखले संस्था आपल्याला आणखी जवळची आहे. येथील पदवी घेऊन पुढे पीएच.डी.साठी परदेशी जाणे हाही विचार करण्याजोगा क्रम आहे.

शिष्यवृत्ती निवड झाल्यानंतर मिळते. जीआरई आणि आयईएलटीएस यांचे मिळून चाळीस हजारांच्या घरातील शुल्क, अर्जांचे शुल्क व पारपत्र हा खर्च मात्र निवडीपूर्वीच करावा लागतो. शेतमजुराच्या घरात वाट बहुधा येथेच थांबते. नोकरीत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी दरवर्षी एका विद्यार्थ्याच्या परीक्षाशुल्काचा भार उचलला, तर मोठ्या शिष्यवृत्तीचे दार त्याच्यासाठी उघडे राहील. पालकांकडे मात्र एवढेच मागणे आहे की, येत्या जूनमध्ये अकरावीचा अर्ज भरताना ‘गणित अवघड जाते, सोडून दे’ असे म्हणण्याआधी मुलाच्या गणिताच्या शिक्षकांना एकदा भेटावे.