जुना संगणक, हलकं लिनक्स – लेखांक ४ : कात्री कुठे लावायची?

मागच्या लेखांकात कॅबिनेट उघडून आतल्या भागांची तपासणी केली. बुलढाणा जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा असो, चिखली-मेहकरकडची टायपिंग इन्स्टिट्यूट असो की एखाद्या पतसंस्थेची छोटी शाखा, कोपऱ्यात झाकून ठेवलेलं एक यंत्र ओळखीचं असतं. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, दोन जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ या यंत्राला दारातही उभं करत नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि किमान चार जीबी रॅम हवी. यंत्र मात्र चालू आहे.

त्यावर लिनक्स टाकायचं ठरलं, तर पुढचा प्रश्न सामानाचा. डिस्ट्रो म्हणजे कर्नल आणि त्याच्या जोडीला कुणीतरी निवडून दिलेले प्रोग्राम. डेबियन या डिस्ट्रोच्या कोठारात आज जवळपास सत्तर हजार पॅकेजं आहेत. त्यातली कोणती घ्यायची आणि कोणती सोडायची, यावरच डिस्ट्रो हलकी की भारी ते ठरतं.

या कात्रीचं गाजलेलं उदाहरण म्हणजे डॅम स्मॉल लिनक्स. जॉन अँड्र्यूज यांनी स्वतःला मर्यादा घालून घेतली होती ५० एमबीची. २०२४ साली त्यांनी हा प्रकल्प पुन्हा सुरू केला तेव्हा ती वाढवून ७०० एमबी केली, म्हणजे एका सीडीत मावेल एवढी. एवढ्या जागेत सगळं बसवायचं म्हणून मदतीची पानं गेली, कागदपत्रं गेली आणि बहुतेक भाषाही गेल्या. इंग्रजीत काम करणाऱ्या हौशी माणसाचं त्यावाचून काही अडत नाही. बुलढाण्यातल्या शिक्षिकेचं मात्र पहिल्याच ओळीला अडतं.

सी-डॅक या सरकारी संस्थेने नेमकी उलटी वाट धरली. २००७ साली आलेलं त्यांचं डेबियनवर आधारलेलं ‘बॉस’ लिनक्स भारतीय भाषा डोळ्यांसमोर ठेवून केलेलं होतं. पण त्याचा डेस्कटॉप आधी गनोम, पुढे सिनॅमन. दोन्ही देखणे आणि दोन्ही रॅमला भुकेले. हलकं आणि मराठी, हे दोन्ही एका जागी हवं असेल तर यादी आपणच करावी लागते.

सुरुवात ३२ की ६४ बिट इथून. जुना संगणक म्हणजे ३२ बिट, हा समज अजून पक्का आहे. प्रत्यक्षात २००६च्या जुलैत आलेला कोअर टू ड्युओ ६४ बिटच होता. ३२ बिटची वाट तर आता बंद होत आली आहे. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ला ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही आणि फायरफॉक्सनेही १४५व्या आवृत्तीपासून ३२ बिट लिनक्स सोडलं. तेव्हा एखाद्या जुनाट पेंटियमसाठी अख्ख्या यादीचा पाया बदलू नये. डेबियन १३, ६४ बिट. पुढची पाचेक वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळत राहतील.

डेस्कटॉपच्या बाबतीत आइसडब्ल्यूएम सगळ्यात काटकसरी, पण पहिल्यांदा बसणाऱ्याला तो परका वाटतो. एलएक्सक्यूटीला खाली पट्टी आहे, डाव्या कोपऱ्यात मेनू आहे, घड्याळ जागच्या जागी आहे आणि रॅमची भूक गनोमपेक्षा पुष्कळ कमी. शाळेसाठी तोच बरा. सोबत झेडरॅम चालू ठेवावं. रॅम भरत आली की त्यातला मजकूर दाबून रॅममध्येच ठेवला जातो आणि मंद हार्ड डिस्कवरची ये-जा वाचते.

ब्राउझरपाशी मात्र काटकसरीचं गणित फसतं. डिलो, नेटसर्फ हे ब्राउझर चिमुकले आहेत. पण डिलोला जावास्क्रिप्ट कळतच नाही आणि नेटसर्फला जेमतेम. सातबारा पाहायला महाभूलेख उघडणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य. तिथे फायरफॉक्सची ईएसआर आवृत्तीच हवी, जाहिराती अडवणाऱ्या यूब्लॉक ओरिजिनसह. जाहिराती उतरल्या नाहीत की रॅमही वाचते आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचा डेटाही. दोन जीबीत दोन-तीन टॅब, त्याहून जास्त नाही, हे वापरणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.

आता मराठी. फाँटचं ओझं वाटतं तेवढं नसतं. ‘लोहित देवनागरी’ हा फाँट काही शे केबीत मावतो. लोहित मालिकेचे मूळ फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवलेले. रेड हॅटने ते मुक्त परवान्याखाली आणले. यादी खरी फुगते ती चिनी, जपानी, कोरियन फाँटांच्या गठ्ठ्यामुळे. तो निर्धास्तपणे काढावा. फाँट बसवल्यावर ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’, ‘ॲड.’, ‘कॅशियर’ एवढे चार शब्द लिहून पाहावेत. अर्धा र आणि ॲ नीट उमटले की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं कीबोर्डचं. इनस्क्रिप्टची मांडणी लिनक्सच्या मूळ कीबोर्ड व्यवस्थेतच असते, वेगळा प्रोग्राम लागत नाही. पण जुन्या टायपिस्टचे हात रेमिंग्टनवर बसलेले. ‘शिक्षक’ लिहिताना ते टाइपरायटरच्या सवयीने आधी वेलांटी मारतात, मग श. युनिकोडमध्ये क्रम उलटा, आधी श आणि नंतर वेलांटी. ही अदलाबदल साध्या कीबोर्ड मांडणीला जमत नाही. त्यासाठी आयबस आणि एम१७एन हे मध्यस्थ लागतात आणि ते थोडी रॅम खातात. शाळेत मुलं नव्याने शिकणार असतील तर नुसतं इनस्क्रिप्ट पुरे. कार्यालयात पंधरा वर्षं टायपिंग केलेला कारकून बसणार असेल तर आयबस टाकावंच. त्याचा वेग निम्म्यावर आणून वाचवलेल्या एमबींना काही अर्थ नाही.

जुन्या फायलींचा घोळ निराळा. डीव्हीबी-टीटी सुरेख किंवा श्रीलिपीत टाइप केलेली पत्रं तो फाँट नसेल तर अगम्य चिन्हांसारखी दिसतात. हे फाँट परवान्याचे, ते डिस्ट्रोत घालून वाटता येत नाहीत. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारं कन्व्हर्टर यादीत हवं.

ऑफिससाठी ॲबीवर्ड हलकं खरं, पण वरून आलेलं डॉक्स परिपत्रक त्यात उघडलं की तक्ते विस्कटतात. त्यापेक्षा लिब्रेऑफिसमधले रायटर आणि कॅल्क हे दोनच घ्यावेत. डेबियनमध्ये ते सुटे मिळतात. बेस, ड्रॉ, मॅथ गाळावेत. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो फाँट ठेवला की ओळींची मापं जुळतात.

हलक्या डिस्ट्रोंत हमखास वगळली जाणारी आणखी एक गोष्ट म्हणजे छपाई. आपल्याकडे काम कागदावर उतरल्याशिवाय पूर्ण होत नाही. एचपी लेझरजेट १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० हे झेरॉक्सच्या दुकानांतून नि कार्यालयांतून दिसणारे दोन जुने प्रिंटर. १०२०च्या पोटात स्वतःचं फर्मवेअर राहत नाही. दर वेळी चालू केल्यावर संगणकाने ते पाठवावं लागतं. म्हणजे कप्स या छपाईच्या यंत्रणेसोबत एचपीचं प्लगइन किंवा फू२झेडजेएस हा ड्रायव्हर हवा. २९०० कॅननच्या खास कॅप्ट भाषेत बोलतो, त्याला ड्रायव्हर वेगळा. नव्या प्रिंटरांसाठीचं विनाड्रायव्हर तंत्र या दोघांना लागू पडत नाही. छपाईवर कात्री चालवू नये.

वेळेचंही तसंच. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख मागे जाते आणि ब्राउझर एकेक साइट असुरक्षित ठरवू लागतो. बिघाड इंटरनेटचा समजून लोक केबल हलवत बसतात. सेल बदलावाच, शिवाय इंटरनेट मिळताच घड्याळ लावून घेणारी सेवा यादीत ठेवावी. तिला जागा नगण्य लागते. वायफाय डोंगलची फर्मवेअरं डेबियनने २०२२च्या मतदानानंतर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतली आहेत, ती राहू द्यावीत.

गाळायचं ते असं : मेलचा वेगळा प्रोग्राम, ब्लूटूथ, पत्त्यांचे खेळ, दुसरा मीडिया प्लेअर, दुसरा फोटो दाखवणारा, वॉलपेपरांचा ढीग. एका कामाला एकच प्रोग्राम. शाळेसाठी टक्स पेंट आणि इंटरनेटविना मराठी विकिपीडिया वाचता यावा म्हणून किविक्स, एवढी भर पुरेशी.

काही यंत्रांच्या वाटेला मात्र जाऊ नये. ज्यावर टॅली चालतं किंवा ज्याला बोटांचे ठसे घेणारं आधारचं उपकरण जोडलेलं आहे, ते सध्या आहे तसंच राहू द्यावं. टॅली विंडोजपुरतं आहे आणि अशा उपकरणांच्या सेवाही प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइडसाठी बनतात. रांगेत माणसं उभी असताना प्रयोग नकोत.

डेबियनच्या लाइव्ह-बिल्ड साधनात ही सगळी निवड म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल असते, ओळीला एक पॅकेज. पुढच्या आठवड्यात तीच फाइल लिहून पेन ड्राइव्ह तयार करू. तोवर वाचकांनी एक काम करावं : आपल्या शाळेतल्या किंवा कार्यालयातल्या संगणकाशेजारी एक वही ठेवून, आठवडाभर कुणी कोणता प्रोग्राम उघडला आणि कोणत्या प्रिंटरवर छापलं, ते लिहून ठेवावं.