संत्र्याचा रस शोषणारा पतंग ओळखा

संत्रा-मोसंबी बागाईतदार बंधूंनो, आंबिया बहाराची फळं रंगावर येऊ लागली, की भाद्रपद-आश्विनात एकाएकी फळगळ सुरू होते. गळालेलं फळ उचलून पाहा. सालीवर टाचणीनं टोचल्यागत बारीक छिद्र दिसतं, दाबलं की त्यातून रसाची चिळकांडी उडते. चिरल्यावर आत अळ्या असल्या तर फळमाशी समजावी. अळी नसली, तर बहुधा हे रस शोषणाऱ्या पतंगाचं काम. छिद्रातून बुरशी व जंतू शिरतात आणि फळ सडून गळतं.

हा पतंग दिवसा सहसा दृष्टीस पडत नाही. पंख मिटून बसला, की हुबेहूब वाळकं पान! पण पंख उघडले म्हणजे मागचे पंख झेंडूसारखे नारिंगी-पिवळे व काळ्या किनारीचे दिसतात. त्यांवर एका जातीत स्वल्पविरामासारखा जाड काळा डाग, तर दुसरीत गोल काळा ठिपका असतो. पसरलेल्या पंखांची रुंदी तीन ते चार इंच. दिसायला देखणा, पण सोंड टणक आणि टोकाला काटेरी. संत्र्याची साल ती सहज भेदते. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन बागेत फिरा. उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात.

इथंच पुष्कळांची फसगत होते. एरवी नुकसान करते ती अळी. इथं नुकसान करतो तो पतंग. त्याची अळी संत्र्यावर नसतेच, ती वाढते गुळवेल आणि वासनवेलीवर. अळी काळसर, मखमली असून अंगावर दोन्ही बाजूंना डोळ्यासारखे ठिपके असतात. म्हणून झाडावर औषध मारून पैसा जातो, आणि विक्रीच्या फळावर विष बसतं ते वेगळंच.

तेव्हा पावसाळ्यातच कुंपणावरचे हे वेल मुळासकट काढा. गुळवेल औषधी खरी, पण बागेच्या बांधावर नको. शेजाऱ्यालाही सांगा, कारण पतंग बाहेरून उडत येतो. फळं पिकू लागली, की तिन्हीसांजेला कडुनिंबाचा ओला पाला व काडीकचरा पेटवून धूर करा. गळालेली फळं रोज वेचून खोल पुरा, त्यांच्या वासानं आणखी पतंग येतात. दोन लिटर पाण्यात 200 ग्रॅम गूळ व थोडा फळांचा रस घालून रुंद तोंडाच्या बाटल्यांत आमिषही ठेवता येतं. त्यात कोणतं कीटकनाशक किती घालायचं, ते कृषी सहायकाला विचारूनच ठरवा, आणि बाटल्या पोरांच्या व गुरांच्या तोंडाला लागणार नाहीत अशा उंच टांगा.