हरिणी धावत नाही

सजगता म्हणजे समोर जे आहे त्याकडे, बरेवाईट न ठरवता, जाणीवपूर्वक लक्ष देणे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांसाठी तिचे वर्ग सुरू केले. महाराष्ट्रातील शाळांना मात्र ती परिचित आहे ती विपश्यनेच्या परंपरेतील ‘आनापान’मुळे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या नैसर्गिक श्वासाकडे पाहण्याच्या सरावामुळे, आणि शाळांतील ‘मित्र उपक्रमा’ने त्यासाठी नेमून दिलेली वेळ आहे १० मिनिटांची.

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, त्यामुळे या जिल्ह्यातील दहावीच्या वर्गात ‘कुमारभारती’ या मराठीच्या पाठ्यपुस्तकातील त्यांचा अभंग घेताना ही १० मिनिटे श्वासावरून शब्दांवर आणली जातात तेव्हा काय घडते, हे पाहण्याजोगे ठरते. मुले डोळे मिटतात, उघडतात, अभंग एकदा मोठ्याने वाचला जातो. खिडकीतून शिजत्या हळदीचा उग्र वास येत असतो आणि शिक्षिका त्यालाही अडथळा मानत नाहीत. तो आला, जाणवला, आता पुन्हा ओळीकडे, एवढेच त्या सांगतात. दुसरे वाचन इतके संथ असते की प्रत्येक प्रतिमा स्वतंत्र उभी राहते: बाळ आगीत पडताच आई धावते, पिलू जमिनीवर पडताच पक्षिणी झेपावते, वासरू भुकेले होताच गाय हंबरत येते. मग वणवा लागतो, आणि मागच्या बाकावरील एका मुलीच्या ध्यानात येते की हरिणी धावत नाही, ती पाडसाची नुसती चिंता करते. शेवटचा चातकही मेघाला केवळ विनवतो. धाव घेणाऱ्यांपासून असहायांपर्यंत सरकणारी ही रचना ‘देवाची माया आईसारखी’ या पाठ केलेल्या आशयात कधीच सापडत नाही.

ब्रिटनमध्ये ८,००० हून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शाळेतील सजगतेच्या पाठांनी मुलांचे मानसिक स्वास्थ्य नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा अधिक सुधारल्याचे आढळले नाही. म्हणून मनःशांतीची हमी देऊन हा सराव मराठीच्या तासाला आणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तो वाचनासाठीच यावा. रसग्रहणाच्या ४ गुणांच्या उत्तरात हरिणीविषयीचे ते निरीक्षण लिहायला जागा आहे, परंतु गाइडमधील तयार उत्तर घोकणाऱ्या मुलाला ते सुचण्याइतकी उसंतच मिळत नाही, आणि ती देण्यासाठी तासातील १० मिनिटे मुळीच अधिक नाहीत.