हातातला फोन आणि समोरचे माणूस

ज्येष्ठांच्या तक्रारी पूर्वी बहुधा गुडघे, दम, पोट आणि झोप या चार गोष्टींभोवती फिरत. अलीकडे त्यांत पाचव्या तक्रारीची भर पडली आहे. ती रक्ताच्या तपासणीत सापडत नाही आणि क्ष-किरण चित्रातही उमटत नाही. ‘घरात माणसे पुष्कळ आहेत, पण बोलायला कोणी नाही,’ असे वाक्य दवाखान्यात वारंवार ऐकू येते. ही माणसे एकाकी घरांतली नसतात. मुलगा, सून, नातवंडे असे सारे जवळच बसलेले असतात; मात्र प्रत्येकाची मान खाली आणि नजर हातातल्या फोनवर असते.

एकत्र बसूनही फोनमुळे समोरच्या माणसाकडे होणाऱ्या या दुर्लक्षाला ‘फबिंग’ हा शब्द २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात घडवला गेला. शब्द परदेशी असला तरी अनुभव आता आपल्या ओसरीवरचाच झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक बंधांविषयीच्या आयोगाने जून २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा ग्रासतो आणि त्याचे परिणाम केवळ मनावर नव्हे, तर हृदय, मेंदू आणि आयुर्मान यांवरही होतात. म्हणून हा विषय शिष्टाचाराचा नसून आरोग्याचा आहे.

फोन शत्रू नव्हे

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. राणीसावरगाव आणि गंगाखेड तालुक्यातील डोंगरपट्ट्यात फोनला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे ठरेल. सणासुदीनंतर इथली अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मागे राहतात ते आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी नातवंडे. त्या काही महिन्यांत आई-बापाचा चेहरा लेकराला दिसतो तो फोनच्या पडद्यावरच. पुण्या-मुंबईला नोकरी करणारा मुलगा वडिलांच्या औषधाच्या गोळ्यांचे पाकीट फोनवरच पाहतो आणि ‘ही सकाळची, ती रात्रीची’ असे सांगतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावायचा तोही याच फोनवरून. आधार देणारे हे साधन फेकून देण्याचा सल्ला कोणताही समंजस डॉक्टर देणार नाही.

प्रश्न आहे तो लक्षाचा. वृद्धाची शुश्रूषा म्हणजे वेळेवर जेवण आणि गोळ्या एवढेच आपण समजतो. वस्तुतः शुश्रूषेचा पाया निरीक्षण हा आहे, आणि फोन नेमके तेच हिरावून घेतो.

नजर हटली की काय निसटते?

पक्षाघाताचे उदाहरण घ्या. चेहऱ्याची एक बाजू ओघळणे, एका हातातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे ही त्याची लक्षणे. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. त्यामुळे रुग्णालयात पहिला प्रश्न विचारला जातो, ‘लक्षणे नेमकी केव्हा सुरू झाली?’ खोलीत तिघे बसलेले असूनही कोणालाच वेळ सांगता आली नाही, तर उपचाराचा एक महत्त्वाचा मार्ग बंद होऊ शकतो. आपल्यासारख्या भागातून मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवासही त्याच साडेचार तासांतून वजा होतो, हे विसरून चालणार नाही.

दुसरी अवस्था अकस्मात येणाऱ्या मानसिक गोंधळाची. लघवीचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, नवे औषध सुरू होणे अशा कारणांनी वृद्ध माणूस एक-दोन दिवसांत बदलतो. काही जण बडबडतात, तर काही अगदी गप्प आणि झोपाळू होतात. हा दुसरा प्रकार अधिक फसवा. ‘आज बाबांनी काही त्रास दिला नाही,’ असे घरच्यांना वाटते आणि आजार वाढत राहतो. मधुमेही वृद्धाची साखर उतरली की घाम आणि थरथर दिसेलच असे नाही. कधी केवळ चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे एवढीच खूण असते.

तिसरी गोष्ट भरवण्याची. पक्षाघात झालेल्या किंवा अतिशय अशक्त माणसाला घास भरवताना भरवणाऱ्याची नजर त्याच्या गळ्यावर हवी. आधीचा घास गिळला गेला की नाही, ठसका लागतो का, आवाज ओलसर होतो का, हे पाहायचे असते. एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात चालू असलेला व्हिडिओ असेल, तर अन्न श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होण्याचा धोका वाढतो.

तपासणीच्या खोलीतही याचे प्रत्यंतर येते. ‘आजी किती दिवसांपासून कमी जेवतात?’ असे विचारले की सोबत आलेला तरुण फोनवरून डोळे उचलतो आणि उत्तरासाठी आजींकडेच पाहतो. त्याचे प्रेम कमी आहे असे नव्हे. तो मोटारसायकलवरून त्यांना घेऊन आला आहे, औषधांचे पैसेही तोच देणार आहे. फक्त गेले कित्येक दिवस तो आजींजवळ बसूनही आजींजवळ नव्हता.

ज्येष्ठांच्या हातातील फोन

या प्रश्नात ज्येष्ठ केवळ सोसणारे आहेत असे मात्र नाही. दुपारची वामकुक्षी संपल्यापासून रात्री उशिरापर्यंत एकामागून एक छोटे व्हिडिओ पाहणारे आजोबाही आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते. वयानुसार आधीच कोरडे झालेले डोळे त्यामुळे चुरचुरतात. मान सतत खाली वाकवल्याने मानेचे दुखणे वाढते. रात्री पडद्याचा प्रकाश आणि त्यावरील उत्तेजक मजकूर झोप लांबवतात, मग झोपेच्या गोळीची मागणी होते. झोपेच्या गोळीने तोल जाऊन वृद्ध पडण्याचा धोका वाढतो, आणि त्यातून खुब्याचे हाड मोडले तर माणूस दीर्घकाळ अंथरुणाला खिळतो.

याहून चिंताजनक म्हणजे फोनवरून फिरत आलेल्या संदेशांवर विसंबून रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी परस्पर बंद करणे. असा संदेश आला तर तो डॉक्टरांना दाखवावा, पण गोळी थांबवू नये. तसेच, पोलीस असल्याची बतावणी करून ‘डिजिटल अटक’ केल्याचे कोणी सांगितले, तर घाबरू नये. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. फोन ठेवून घरच्यांना सांगावे आणि पैसे गेले असतील तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

वर्गातील मुले

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यासाच्या निमित्ताने फोन अधिकृतपणे मुलांच्या हाती आला. शाळा पुन्हा उघडल्या, पण फोन परत आला नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात असे नमूद आहे की फोनमुळे विचलित झालेल्या विद्यार्थ्याला अभ्यासात पुन्हा मन लावण्यास वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत दोनदा लक्ष उडाले, तर त्या तासिकेत शिकणे कितीसे उरते? फ्रान्सने २०१८ मध्येच पंधरा वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांच्या शाळांत फोनवर निर्बंध घातले, आणि नंतर अनेक देश त्या वाटेने गेले.

तथापि, शाळेचा नियम घराच्या उंबरठ्यावर संपतो. तिथून पुढे मूल पाहते ते मोठ्यांना. स्वतः फोनमध्ये गुंतलेल्या माणसाने ‘अभ्यास कर’ म्हटले तर त्या शब्दांना वजन राहत नाही.

एका गावाचा भोंगा

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. टाळेबंदीनंतर शाळा सुरू झाल्या तेव्हा मुलांचे अभ्यासात मन लागत नाही आणि घरी गेल्यावर ती फोनमध्ये बुडून जातात, अशी तक्रार शिक्षकांकडून येऊ लागली. घरोघरी मोठ्यांचीही तीच गत होती. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते आणि ग्रामस्थ यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये एक निर्णय घेतला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजेल, दूरदर्शन संच आणि फोन बंद होतील, आणि साडेआठला दुसरा भोंगा वाजेपर्यंत ते बंदच राहतील.

प्रारंभी अनेकांनी, विशेषतः पुरुषांनी, ही कल्पना हसण्यावारी नेली. महिलांनी मात्र ती उचलून धरली. मग आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि शिक्षक घरोघरी गेले, समजावून सांगू लागले. हळूहळू त्या दीड तासात मुले पुस्तके घेऊन बसू लागली आणि मोठी माणसे एकमेकांशी बोलू लागली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांच्या फोनवापरावर बंदीचा ठराव केला. दोन्ही गावांची तळमळ एकच, पण वैद्यकीय दृष्टीने मला वडगावची रीत अधिक पटते. सवय मोडण्यासाठी उपदेशापेक्षा वातावरण अधिक उपयोगी पडते. ठरलेली वेळ, ठरलेली खूण आणि सर्वांना सारखा नियम, या तीन गोष्टी जुळल्या की मनाचा निग्रह कमी पडला तरी चालतो. भोंगा वाजल्यावर शेजारीही फोन ठेवतो, त्यामुळे काही निसटल्याची हुरहूर लागत नाही. शिवाय तिथे शिक्षा नाही आणि लहान-मोठा असा भेदही नाही.

आपल्या घरी काय करता येईल?

गावाने ठरवण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. घरातही हे जमते. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. दिवेलागणीनंतरचा एक तास निश्चित करावा. सर्वांचे फोन, आजोबांचाही, एकाच फळीवर ठेवावेत. घंटी मोठी ठेवावी. ऊसतोडीच्या फडावरून आलेला किंवा तातडीचा फोन अवश्य घ्यावा. बंद ठेवायचे आहे ते निरुद्देश पाहणे.

२. त्या तासात घरातील एका व्यक्तीने ज्येष्ठांचे पाच प्रश्न लक्षात ठेवावेत: आज जेवण किती झाले, पाणी किती प्याले, लघवी-शौच नीट झाले का, चालताना तोल गेला का, बोलण्यात काही वेगळेपणा जाणवला का. वहीत दोन ओळी लिहिल्या तर डॉक्टरांना त्या कोणत्याही तपासणीइतक्या उपयोगी ठरतात.

३. ज्येष्ठांना ऐकू कमी येत असेल तर कानाची तपासणी करून घ्यावी. लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली, त्यांत श्रवणदोष आणि सामाजिक एकाकीपणा या दोन्हींचा समावेश आहे. ऐकू न आल्याने गप्प बसलेला माणूस सहज फोनकडे वळतो.

४. भरवताना, औषध देताना, अंघोळ घालताना आणि डॉक्टरांसमोर बसताना फोन खिशात असावा.

५. ज्येष्ठांनी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूर पाहावे, फोन डोळ्यांच्या पातळीवर धरावा आणि झोपण्यापूर्वी तासभर तो दूर ठेवावा.

६. पहिल्या दोन वर्षांत बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात एक तासाहून अधिक नको, असे जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगत आहे. नातवंड जेवत नाही म्हणून फोन पुढे करणाऱ्या आजीने हे ध्यानी घ्यावे. फोनऐवजी गोष्ट सांगितली तर जेवणास वेळ लागेल, पण तो वेळ दोघांच्याही मेंदूला पोषक आहे.

सांभाळ करणाऱ्यांसाठी एक शब्द. दिवसभर अंथरुणावरच्या माणसाचे करणारी सून किंवा लेक रात्री फोनमध्ये डोके घालते ते बहुधा विसाव्यासाठी. तिला दोष देऊ नये. घरातील दुसऱ्या कोणी तासभर जागा घेतली तर तिला खरा विसावा मिळेल. मन फारच थकले असेल तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे.

पहिले चार-पाच दिवस तो तास लांबलचक वाटेल. काय बोलावे ते सुचणार नाही आणि हात सवयीने फळीकडे जाईल. अशा वेळी ज्येष्ठांनीच सुरुवात करावी. जुन्या दुष्काळाची, पहिल्या एसटीची, शाळेत खाल्लेल्या छडीची हकीकत सांगावी. मात्र ‘आमच्या वेळी असे नव्हते’ हा सूर टाळावा, कारण त्या सुराने ऐकणारा पुन्हा फोनकडे वळतो. पंधरा दिवस करून पाहावे आणि वहीतल्या नोंदी पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना दाखवाव्यात.