ब्राउझरमधील सुरक्षा-त्रुटी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सिडनीच्या पश्चिमेकडील वेस्टमीड येथे भारतीय वस्ती मोठी असून तिच्यात मराठी कुटुंबेही आहेत. एकाच लॅपटॉपवरून ऑस्ट्रेलियातील ‘मायगव्ह’ ही सरकारी सेवा आणि भारतातील बँकेचे खाते हाताळणाऱ्या अशा घरांत ब्राउझरविषयीचे गैरसमज दोन्ही देशांतील व्यवहारांना बाधू शकतात.

संशयास्पद फाइल उतरवली नाही की धोका नाही, हा त्यांतील सर्वांत रुजलेला समज. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘वेबपी’ प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या संहितेत अशी त्रुटी आढळली की, मुद्दाम घडवलेले चित्र पानावर नुसते उमटले तरी संगणकाच्या स्मृतीत नेमलेल्या जागेबाहेर माहिती लिहिली जाऊन हल्लेखोराला स्वतःची आज्ञावली चालवण्याची वाट मिळू शकत होती. गूगलने ११ सप्टेंबरला क्रोमसाठी दुरुस्ती दिली, तेव्हा या त्रुटीचा गैरवापर सुरू झालेला होता. दुरुस्ती उपलब्ध होण्यापूर्वीच वापरल्या जाणाऱ्या अशा त्रुटीला ‘झीरो-डे’ म्हणतात. तीच संहिता फायरफॉक्स, एज आणि ब्रेव्हमध्येही असल्याने ब्राउझर बदलून सुटका होते, हा समजही येथे फोल ठरला. पत्त्याशेजारी कुलूप दिसले की संकेतस्थळ विश्वासार्ह, हाही गैरसमजच : ते कुलूप केवळ देवाणघेवाण सांकेतिक रूपात होत असल्याचे सांगते, संकेतस्थळाच्या सचोटीची हमी देत नाही.

अपडेट आपोआप होते, हे मात्र अर्धेच खरे आहे, आणि खरी जोखीम या उरलेल्या अर्ध्यातच आहे. क्रोम नवी आवृत्ती गुपचूप उतरवून ठेवतो, पण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडेपर्यंत जुनीच आवृत्ती चालू राहते, त्यामुळे आठवडेच्या आठवडे टॅब उघडे ठेवणाऱ्याला दुरुस्तीचा काहीच लाभ होत नाही. उलट दुरुस्ती जाहीर होताच जुनी आणि नवी संहिता ताडून त्रुटी नेमकी कुठे होती, हे हल्लेखोरांना शोधता येते. म्हणूनच ऑस्ट्रेलियन सिग्नल्स डायरेक्टोरेट या सरकारी संस्थेची ‘इसेन्शियल एट’ ही संस्थांसाठीची नियमावली ब्राउझरच्या दुरुस्तीला दोन आठवड्यांची, तर तिच्या सर्वोच्च पातळीवर गंभीर त्रुटींसाठी ४८ तासांची मुदत घालते, आणि घरगुती वापरातही तीच शिस्त योग्य होय.

विंडोज ७ वर चालणारा जुना संगणक या शिस्तीतही बसत नाही, कारण फेब्रुवारी २०२३ मधील ११० व्या आवृत्तीपासून क्रोमने त्या प्रणालीला वगळले आहे. अशा संगणकावरून बँकेचा व्यवहार करूच नये.